रकान्यावरून फोकस जातो तेव्हा : वेब फॉर्ममधील ब्लर इव्हेंटची हाताळणी

वेब फॉर्ममधील एखाद्या रकान्यात कर्सर असताना वापरकर्त्याने टॅब कळ दाबली, पानावर दुसरीकडे क्लिक केले किंवा ब्राउझरची खिडकीच बदलली, की त्या रकान्यावरचा फोकस जातो आणि ब्राउझर त्या रकान्याला ‘ब्लर’ हा इव्हेंट, म्हणजे घडलेल्या गोष्टीची सूचना, पाठवतो. नव्याने फॉर्म लिहू लागलेल्या बहुतेकांना हा इव्हेंट फार सोयीचा वाटतो, कारण ‘रकाना भरून झाला, आता तपासा’ असा तो निरोप आहे, अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात ब्लर एवढेच सांगतो की फोकस आता इथे नाही. माणसाने रकाना पूर्ण भरला, अर्धवट सोडला, तो पासबुक शोधायला उठला की ओटीपी पाहायला दुसऱ्या ॲपमध्ये गेला, यातले काहीही ब्लरला ठाऊक नसते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे धोरण एकच आहे: ब्लरवर हलके, गाजावाजा न करणारे आणि मागे घेता येईल असेच काम करावे आणि वापरकर्त्याला अडवणारा कोणताही निर्णय सबमिटपर्यंत राखून ठेवावा.

उदाहरणासाठी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा एक साधा फॉर्म घेऊ. त्यात नाव, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, जिल्हा, पिनकोड, बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा संकेतांक, असे रकाने आहेत. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख गृहीत धरली आहे. कोडमधील नावे येथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

पहिली पायरी : इव्हेंटांचा क्रम स्वतः पाहून घ्यावा

दोन रकाने असलेले एक रिकामे पान तयार करावे, त्या दोन्ही रकान्यांवर कीडाउन, इनपुट, चेंज, ब्लर, फोकसआउट, फोकस, फोकसइन आणि कीअप या आठही इव्हेंटांचे हँडलर, म्हणजे इव्हेंट आला की चालणारी फंक्शने, बसवावेत आणि प्रत्येकात इव्हेंटचे व रकान्याचे नाव कन्सोलवर छापावे. पहिल्या रकान्यात काही अक्षरे लिहून टॅब दाबल्यावर असे दिसेल की आधी कीडाउन येतो, मजकूर बदलला असेल तर त्यानंतर चेंज येतो, मग ब्लर व फोकसआउट येतात आणि त्यानंतर दुसऱ्या रकान्याचे फोकस व फोकसइन येतात. त्याच टॅबचा कीअप मात्र दुसऱ्या रकान्यावर येतो. कीअपवर तपासणी लावणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये पुढच्या रकान्यात नुसते पाऊल टाकताच ‘हा रकाना रिकामा आहे’ असा संदेश का झळकतो, याचे उत्तर या एका निरीक्षणात मिळते.

या प्रयोगात एक अडचण हमखास येते. कन्सोल पाहण्यासाठी डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरमधील विकसकांच्या साधनांत, क्लिक केले, की पानावरचा फोकस जातो आणि नको असलेला ब्लर नोंदला जातो. क्रोममध्ये यावर उपाय आहे: डेव्हटूल्समधील ‘रेंडरिंग’ विभागात ‘एम्युलेट अ फोकस्ड पेज’ हा पर्याय निवडला, की पान फोकस असल्यासारखेच वागत राहते.

ब्लर रद्द करता येत नाही, हेही इथेच लक्षात घ्यावे. ब्लरच्या हँडलरमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरची मूळ क्रिया थांबवणारे फंक्शन, लिहिण्याने काहीही साधत नाही, कारण इव्हेंट पोहोचेपर्यंत फोकस गेलेला असतो.

दुसरी पायरी : संपूर्ण फॉर्मवर एकच हँडलर बसवावा

ब्लर इव्हेंट बबल होत नाही, म्हणजे रकान्यावर घडलेला ब्लर वरच्या फॉर्म घटकापर्यंत चढत नाही. फोकसआउट मात्र बबल होतो. त्यामुळे प्रत्येक रकान्यावर वेगळा ब्लर हँडलर बसवण्याऐवजी फॉर्मवर फोकसआउटचा एकच हँडलर बसवावा आणि इव्हेंटच्या टार्गेटवरून कोणता रकाना आहे ते ओळखावे. पुढे जावास्क्रिप्टने नवे रकाने जोडले तरी हा हँडलर त्यांनाही लागू होतो. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची चौकट वापरणाऱ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण रिॲक्टचा ऑनब्लर पूर्वीपासून बबल होतो आणि २०२० मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीपासून तो आतून फोकसआउटवरच चालतो. या लेखात यापुढे ब्लर म्हटले तरी कोडमध्ये फोकसआउट अभिप्रेत आहे.

तिसरी पायरी : कोणते काम कोणत्या इव्हेंटवर, हे आधी ठरवावे

कोड लिहिण्याआधी कागदावर ही वाटणी केली तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. मजकूर टंकला जात असताना, म्हणजे इनपुटवर, आधी दाखवलेली चूक दुरुस्त झाली असेल तर तिचा संदेश काढून टाकावा; नवा संदेश मात्र तेव्हा दाखवू नये, कारण मोबाइल क्रमांकाचा तिसरा अंक टंकत असताना ‘क्रमांक अपुरा आहे’ असे ऐकवणे हा निव्वळ जाच आहे. ब्लरवर मजकूर नीटनेटका करावा आणि भरलेल्या मजकुरात उघड चूक असेल तर ती शेजारी लिहून दाखवावी. संपूर्ण तपासणी सबमिटवर करावी आणि तीच पुन्हा सर्व्हरवरही करावी.

रिकामा रकाना नुसता ओलांडला गेला असेल तर ब्लरवर काही बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कीबोर्डने काम करणारी व्यक्ती फॉर्म किती मोठा आहे हे पाहण्यासाठी टॅबने एकदा खालपर्यंत जाऊन येते. तेवढ्यासाठी सगळा फॉर्म लाल करण्यात काही अर्थ नाही. ‘हा रकाना आवश्यक आहे’ हे सांगण्याची वेळ सबमिटची. सीएसएसमधील ‘यूजर-इनव्हॅलिड’ हा स्यूडो-क्लास, म्हणजे घटकाच्या स्थितीवरून त्याला शैली देणारा निवडक, साधारण याच विचाराने आला आहे. वापरकर्त्याने रकाना हाताळल्यानंतरच तो लागू होतो आणि २०२३ च्या अखेरीपासून सर्व प्रमुख ब्राउझरांत तो उपलब्ध आहे. जुना ‘इनव्हॅलिड’ मात्र पान उघडताक्षणीच आवश्यक रकाने चुकीचे ठरवतो.

चौथी पायरी : मजकूर नीटनेटका करणारे फंक्शन वेगळे लिहावे

ब्लरचा सर्वांत चांगला उपयोग इथे होतो. टंकणे चालू असतानाच रकान्याचे मूल्य बदलले तर कर्सर शेवटी उडी मारतो आणि मराठी कीबोर्डवर जोडाक्षर अर्धवट असेल तर ते बिघडते. फोकस गेल्यावर हे दोन्ही धोके उरत नाहीत.

आयएफएससीचा रकाना जवळून पाहू. हा संकेतांक ११ वर्णांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान नेहमी शून्य आणि शेवटचे सहा वर्ण शाखेचे. लोक तो लहान लिपीत लिहितात, मध्ये रिकामी जागा सोडतात आणि पाचव्या स्थानी शून्याऐवजी ‘ओ’ हे अक्षर टंकतात. ब्लरवर आधी सर्व मोकळ्या जागा काढाव्यात, मग सर्व अक्षरे कॅपिटल करावीत आणि पाचव्या स्थानी ‘ओ’ असेल तर तिथे शून्य ठेवावे. ही शेवटची दुरुस्ती करता येते ती केवळ नियम पक्का आहे म्हणून. शाखेच्या सहा वर्णांत हाच प्रकार करण्याचा मोह आवरावा, कारण तिथे अक्षर आणि अंक दोन्ही चालतात. बँक खाते क्रमांकातील तर एकही अंक आपल्या मनाने बदलू नये. फार तर आजूबाजूची मोकळी जागा काढावी.

मोबाइल आणि पिनकोडच्या बाबतीत मराठी फॉर्मचा एक खास प्रश्न आहे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून लोक ४११०३० असा पिनकोड देवनागरी अंकांत लिहितात, आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातील, बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखते, त्यामुळे पूर्णपणे बरोबर असलेला पिनकोड चुकीचा ठरतो. रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवला तर परिस्थिती आणखी वाईट होते: ब्राउझर अनेकदा देवनागरी अंक स्वीकारत नाही आणि कोडला नुसते रिकामे मूल्य मिळते. म्हणून प्रकार ‘टेक्स्ट’ किंवा ‘टेल’ ठेवून इनपुटमोड ‘न्यूमरिक’ द्यावा आणि ब्लरवर रूपांतर करावे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा दशमान क्रमांक २४०६ आहे आणि नऊचा २४१५. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे. म्हणजे २४०६ ते २४१५ या पट्ट्यातील प्रत्येक वर्णाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झाले. हे रूपांतर झाल्यावरच पिनकोड सहा अंकी आहे व शून्याने सुरू होत नाही, मोबाइल क्रमांक दहा अंकी आहे व सहा ते नऊपैकी अंकाने सुरू होतो, अशा तपासण्या कराव्यात. मोबाइलच्या सुरुवातीचा अधिक-९१ हा देशाचा संकेतांकही तपासणीआधी काढून टाकावा.

नावाच्या रकान्यात याउलट हात आखडता घ्यावा. सुरुवातीची व शेवटची मोकळी जागा काढणे पुरेसे आहे. ‘न दिसणारे वर्ण काढून टाका’ अशी तयार फंक्शने आंतरजालावर मिळतात, पण काही कीबोर्ड ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ यांतील ऱ्ह लिहिताना शून्य रुंदीचा जोडवर्ण वापरतात आणि तो काढला की माणसाचे आडनाव ‘गोर्हे’ होऊन बसते. नाव तपासणारे रेग्युलर एक्स्प्रेशन युनिकोडच्या ‘अक्षर’ या वर्गापुरते लिहिले तर काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार त्यात बसत नाहीत, कारण ते ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्यावेत आणि तो जोडवर्णही चालू द्यावा.

आणखी एक बाब: कोडने रकान्याचे मूल्य बदलले तर इनपुट किंवा चेंज इव्हेंट येत नाही. रिॲक्ट, व्ह्यू अशा चौकटींत काम करत असाल तर नीट केलेला मजकूर स्टेटमध्ये, म्हणजे चौकटीने स्वतःजवळ ठेवलेल्या माहितीतही, घालावा. केवळ पडद्यावरचा बदलून भागत नाही.

पाचवी पायरी : चूक दाखवावी, पण पान हलू देऊ नये

चुकीचा संदेश रकान्याखाली साध्या मजकुरात लिहावा, रकान्यावर ‘एरिया-इनव्हॅलिड’ हे ॲट्रिब्यूट लावावे आणि संदेशाचा आयडी ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’मध्ये द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती त्या रकान्यावर परतल्यावर संदेश तिला वाचून दाखवला जातो. ‘अवैध मूल्य’ असे लिहिण्यापेक्षा ‘आयएफएससीत ११ वर्ण हवेत, आता १० आहेत’ असे लिहावे.

आता एक असा दोष, जो कीबोर्डने चाचणी करणाऱ्याला कधीच सापडत नाही. वापरकर्त्याने शेवटच्या रकान्यात चुकीचा आयएफएससी लिहिला आणि थेट ‘अर्ज पाठवा’ या बटणावर माउस दाबला. माउसडाउन होताच फोकस हलतो, ब्लर येतो, त्याच्या हँडलरमुळे रकान्याखाली एक ओळ उगवते आणि बटण तेवढेच खाली सरकते. बोट उचलले जाते तेव्हा माउसखाली बटण नसते. क्लिक होण्यासाठी दाबणे आणि सोडणे एकाच घटकावर व्हावे लागते. तसे न झाल्यास क्लिक त्या दोन घटकांना सामावणाऱ्या वरच्या घटकाला मिळते आणि बटणापर्यंत काहीच पोहोचत नाही. वापरकर्त्याची तक्रार मग एवढीच येते की ‘बटण कधी कधी चालत नाही’. ही तक्रार कानावर आली तर सर्व्हरचे लॉग चाळण्याआधी हा प्रकार तपासावा. उपाय साधा आहे: संदेशासाठीची जागा आधीपासूनच राखून ठेवावी, म्हणजे त्या घटकाला एका ओळीएवढी किमान उंची द्यावी, आणि संदेश शक्यतो एका ओळीत मावेल असा लिहावा. अरुंद पडद्यावर दोन ओळी होत असतील तर राखीव उंचीही दोन ओळींची ठेवावी.

ब्लरवर अलर्ट दाखवणे आणि चूक असेल तर फोकस ओढून परत त्याच रकान्यात आणणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. जुन्या शिकवण्यांत ते अजून आढळतात. दोन शेजारी रकाने एकमेकांकडून फोकस ओढू लागले तर वापरकर्ता अडकून पडतो आणि कीबोर्डखेरीज दुसरे साधन नसलेल्या व्यक्तीसाठी तर फॉर्म तिथेच संपतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील २.१.२ या निकषाने असा सापळा स्पष्टपणे अमान्य केला आहे आणि तो निकष सर्वांत प्राथमिक, म्हणजे ‘ए’ स्तराचा आहे. याच कारणाने ब्लरमध्ये रिपोर्टव्हॅलिडिटी बोलावू नये, कारण ते फंक्शन फोकस चुकीच्या रकान्याकडे नेते. चेकव्हॅलिडिटी किंवा रकान्याचा व्हॅलिडिटी हा गुणधर्म वाचणे पुरेसे आहे.

सहावी पायरी : सुचवण्यांची यादी बंद करताना माउसडाउनची आठवण ठेवावी

जिल्ह्याच्या रकान्यात दोन अक्षरे लिहिताच महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांपैकी जुळणारी नावे खाली दिसावीत आणि रकाना सोडल्यावर यादी मिटावी, अशी रचना करताना नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी एक कोडे येते: यादीतील ‘सातारा’वर क्लिक केले तर यादी मिटते, पण रकान्यात काहीच येत नाही. कारण पुन्हा तोच क्रम. माउसडाउनवर ब्लर झाला, ब्लरने यादी मिटवली आणि क्लिक येईपर्यंत ‘सातारा’ पडद्यावर उरला नाही.

यादी दोनशे मिलिसेकंद उशिरा मिटवण्याचा उपाय सर्रास वापरला जातो. तो वेगवान हाताला चालतो, पण बटण जरा रेंगाळून दाबणाऱ्या वयस्कर माणसाला पुन्हा तोच अनुभव येतो, कारण दाबणे आणि सोडणे यांत किती वेळ जाईल हे आपण ठरवू शकत नाही. योग्य उपाय असा की यादीच्या घटकावर माउसडाउनचा हँडलर बसवून त्यात प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलवावे. फोकस हलवणे ही माउसडाउनची मूळ क्रिया आहे. ती थांबली की ब्लर येतच नाही, फोकस रकान्यातच राहतो आणि क्लिकवर निवड सुखरूप पोहोचते.

सातवी पायरी : गटातून बाहेर पडणे ओळखावे

जन्मतारखेसाठी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन रकाने असतील तर दिवसातून महिन्यात जाताना तपासणी करण्यात अर्थ नाही. तिन्ही सोडल्यावरच ती व्हायला हवी. फोकसआउट इव्हेंटसोबत रिलेटेडटार्गेट येते, ज्यात फोकस कुठे चालला आहे ते कळते. गटाच्या घटकाचे कंटेन्स हे फंक्शन त्या रिलेटेडटार्गेटसह बोलवावे. उत्तर होकारार्थी आले तर वापरकर्ता अजून गटातच आहे.

रिलेटेडटार्गेट नल, म्हणजे रिकामे, असेल तेव्हा मात्र ताडकन निष्कर्ष काढू नये. पानाच्या मोकळ्या भागावर क्लिक केले, खिडकी बदलली किंवा मॅकवरील सफारीत बटणावर माउसने क्लिक केले, तर तिन्ही वेळा नलच मिळते, कारण सफारी क्लिक केलेल्या बटणाला फोकस देत नाही. ‘रद्द करा’वर क्लिक झाले तर तपासणी करायची नाही, अशी युक्ती रिलेटेडटार्गेटवर बेतली असेल तर ती सफारीत फसते.

आठवी पायरी : खिडकी बदलण्याला रकाना सोडणे समजू नये

समजा, फॉर्मला ओटीपीचा रकानाही जोडला आहे. त्यात कर्सर आहे, वापरकर्ता संदेश पाहायला दुसऱ्या ॲपमध्ये किंवा टॅबमध्ये गेला. ब्लर आला, आणि परतल्यावर त्याच्यासमोर ‘ओटीपी अपूर्ण आहे’ असा लाल संदेश उभा. हे टाळण्यासाठी हँडलरच्या सुरुवातीलाच डॉक्युमेंटचा ॲक्टिव्हएलिमेंट तपासावा. खिडकी बदलल्यामुळे आलेल्या ब्लरच्या वेळी तो अजूनही तोच रकाना असतो, नेहमीच्या ब्लरच्या वेळी नसतो. तोच असेल तर काहीही न करता परतावे. ओटीपीच्या रकान्याला ऑटोकम्प्लीटमध्ये ‘वन-टाइम-कोड’ हे मूल्य दिले तर बऱ्याच फोनवर कीबोर्डच आलेला कोड सुचवतो आणि ॲप बदलण्याची वेळच येत नाही.

नववी पायरी : ब्लर न येण्याच्या वेळा ध्यानात घ्याव्यात

रकान्यात असतानाच एंटर दाबले तर फॉर्म सबमिट होतो, पण फोकस तिथेच असल्याने ब्लर येत नाही. ब्राउझरने ऑटोफिलने नाव, मोबाइल आणि पिनकोड एका दमात भरले तर ज्या रकान्यांत फोकस गेलाच नाही त्यांचा ब्लर कसा येणार? अँड्रॉइडवर बॅक दाबून कीबोर्ड मिटवला तरी फोकस रकान्यातच राहतो. टॅब अचानक बंद झाला तर ब्लरच्या भरवशावर ठेवलेला मसुदा वाचेलच असे नाही. मसुदा जपायचा असेल तर व्हिजिबिलिटीचेंज हा इव्हेंट वापरावा. या सर्वांचा व्यावहारिक परिणाम असा की चौथ्या पायरीतील नीटनेटके करणारे फंक्शन आणि तपासणीचे फंक्शन ब्लरच्या हँडलरमध्ये कोंडून ठेवू नये. ती स्वतंत्र लिहावीत आणि सबमिटवर सर्व रकान्यांसाठी पुन्हा चालवावीत.

दहावी पायरी : सर्व्हरला विचारायचे असेल तर उत्तरावर आंधळा विश्वास ठेवू नये

हा मोबाइल क्रमांक आधी नोंदलेला आहे का, असे ब्लरवर सर्व्हरला विचारता येते. पण उत्तर येईपर्यंत वापरकर्ता परत येऊन क्रमांक बदलू शकतो, आणि जुन्या क्रमांकाचे उत्तर नव्यावर चिकटते. नवी विनंती पाठवण्याआधी जुनी ॲबॉर्टकंट्रोलर या ब्राउझरमधील सोयीने रद्द करावी आणि उत्तर आल्यावर रकान्यातील मूल्य अजून तेच आहे का ते पडताळूनच संदेश दाखवावा. नेटवर्क तुटले तर गप्प राहावे. ती वापरकर्त्याची चूक नाही. शिवाय सबमिट करण्याआधीच माहिती सर्व्हरकडे जात आहे, याचे भान ठेवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर संमतीवर असताना, अजून न पाठवलेल्या अर्जातील क्रमांक साठवून ठेवणे योग्य नाही.

अकरावी पायरी : चाचणी हाताने करावी

कोडने ब्लर इव्हेंट बनवून पाठवला तर हँडलर चालतो, पण फोकस प्रत्यक्षात हलत नाही, त्यामुळे अशा चाचणीत वरचे निम्मे दोष दिसतच नाहीत. स्वयंचलित चाचणीत खरी टॅब कळ आणि खरा माउस वापरणारे साधन घ्यावे, आणि ते घेतले तरी एकदा स्वतः बसून पुढील गोष्टी कराव्यात. माउसला हात न लावता संपूर्ण फॉर्म भरावा. मराठी कीबोर्डवर पिनकोड लिहावा. ऑटोफिलने रकाने भरून लगेच एंटर दाबावे. ओटीपी अर्धवट टंकून दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन यावे. शेवटी आयएफएससीचे दहाच वर्ण लिहून ‘अर्ज पाठवा’वर माउस दाबावा, क्षणभर तसाच धरून ठेवावा, मग सोडावा आणि सबमिटचा हँडलर चालला की नाही ते कन्सोलवर पाहावे.